नेटवर्क जिथं अडतं, तिथून पुढं

संगणक नेटवर्कचा पहिला पेपर देऊन झाला की इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याला ओएसआयचे सात लेयर पाठ असतात, सबनेटिंगची गणितं सुटतात, टीसीपीचा तीन पायऱ्यांचा हँडशेक फळ्यावर काढून दाखवता येतो. तोंडी परीक्षेला तेवढं पुरतं. मात्र सगळं सुरळीत असताना नेटवर्क कसं चालतं, इथपर्यंतच तो अभ्यास गेलेला असतो. प्रगत अभ्यास सुरू होतो नेटवर्क अडतं तिथून. रांग तुंबते, पॅकेट हरवतं, केबल तुटते, मार्गाची चुकीची माहिती जगभर पसरते. अशा वेळी निर्णय कोणी घ्यायचा, कोणत्या माहितीच्या आधारे घ्यायचा आणि किती वेळात, हा या विषयाचा गाभा आहे.

सांगलीचं वालचंद, कराडचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, राजारामनगरचं आरआयटी, साताऱ्याचं कर्मवीर भाऊराव पाटील महाविद्यालय, अशा ठिकाणी शेवटच्या वर्षाला किंवा एम.टेक.ला हा विषय घेणाऱ्यांसाठी ही प्रस्तावना आहे. माझं म्हणणं एकच आहे आणि ते मी आग्रहाने मांडणार आहे. या विषयाला लागणारी उदाहरणं कृष्णा-वारणेच्या काठावर आहेत. ती स्वतः मोजून पाहिली नाहीत तर पुस्तकातली उदाहरणं परीक्षेपुरती राहतात.

सुरुवात वारणेपासून करू. १९९८ मध्ये ‘वारणा वायर्ड व्हिलेज’ हा प्रकल्प केंद्र सरकारच्या पुढाकाराने हाती घेतला गेला. वारणानगरच्या आसपासची, कोल्हापूर आणि सांगली या दोन जिल्ह्यांतली ७० गावं संगणकाने जोडायची असा बेत होता. खर्चाचा निम्मा वाटा केंद्राचा, चाळीस टक्के राज्याचा, उरलेला वारणा समूहाचा. तांत्रिक उभारणी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडे. तात्यासाहेब कोरे यांनी उभा केलेला सहकाराचा डोलारा तिथं आधीच होता: कारखाना, दूधसंघ, बँक, शाळा-कॉलेजं. त्यामुळे नेटवर्क कोणासाठी, हा प्रश्न तिथं अधांतरी नव्हता. पीकसल्ला, बाजारभाव, सरकारी कागदपत्रं, शिक्षण असं बरंच काही गावातल्या संगणक-केंद्रावर मिळेल ही अपेक्षा होती. प्रत्यक्षात मुख्य वापर राहिला तो उसाचा. आपल्या नावावर किती टन गेले, तोड कधी येणार, खताची उधारी किती झाली, एवढं विचारायला लोक केंद्रावर येत.

पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाचे राजेश वीरराघवन, नागा यशोधर आणि केंटारो टोयामा यांनी या केंद्रांचा वापर बारकाईने पाहिला. सात गावांत त्यांनी संगणकाच्या जागी साधा मोबाइल देऊन एसएमएसवर तेच काम करून पाहिलं. कारखान्याच्या बाजूला एक संगणक आणि त्याला जोडलेला फोन. गावाकडून ठरलेल्या साच्यातला संदेश जायचा आणि उत्तर त्याच वाटेने परत यायचं. काम भागलं, खर्च बराच उतरला. २००७ साली त्यांनी मांडलेल्या या निबंधाचं नाव ‘वारणा अनवायर्ड’.

ग्रामीण विकासाचा अभ्यास करणारे हा निबंध वाचतातच. नेटवर्कच्या वर्गातही तो पहिल्या आठवड्यात वाचून घ्यावा असं मला वाटतं. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. म्हणजे रोमन लिपीत १६० अक्षरं, देवनागरीत ७०. सभासद क्रमांक, गट नंबर, टनेज, तारीख हे त्यात आरामात बसतं. उत्तर पाच सेकंदांत आलं काय किंवा पाच मिनिटांत आलं काय, तोडीचा दिवस त्याने बदलत नाही. पण संदेश मध्येच गडप झाला तर शेतकरी खोळंबतो. आणि खताच्या दोन पोत्यांची नोंद करणारा संदेश दोनदा पोचून चार पोती उधारीवर चढली, तर गटऑफिसात भांडण होणार. बाइट किती, उशीर किती चालेल, हरवलं तर काय, दोनदा आलं तर काय: उसाची नोंद ठेवणाऱ्या चिटबॉयच्या हातातल्या कागदी पावतीलाही हे प्रश्न लागू होतात आणि क्लाउडमधल्या डेटाबेसलाही. कोणतंही तंत्रज्ञान निवडण्याआधी यांची उत्तरं आकड्यांत लिहून काढायची सवय लागली, तर अर्धा अभ्यासक्रम तिथंच मार्गी लागतो.

याच ठिकाणी साल्टझर, रीड आणि क्लार्क यांचा १९८४ चा ‘एंड-टू-एंड आर्ग्युमेंट्स’ हा निबंध हातात घ्यावा. मोबाइल कंपनी संदेश ‘डिलिव्हर्ड’ झाला असं कळवते, म्हणजे तो दुसऱ्या फोनपर्यंत पोचला. तो कारखान्याच्या खात्यात बरोबर नोंदला गेला की नाही, हे कंपनीला ठाऊक असण्याचं कारण नाही. ती खात्री शेवटी कारखान्याच्या प्रोग्रामनेच द्यायची असते. मधल्या यंत्रणेने विश्वासार्हतेसाठी कितीही कष्ट घेतले तरी टोकाची तपासणी टळत नाही. मधले कष्ट वेग वाढवायला उपयोगी पडतात, खात्री द्यायला अपुरे असतात. इंटरनेटच्या रचनेतले पुष्कळसे वाद या एका विचाराभोवती फिरत आले आहेत, आणि फायरवॉल, नॅट, सीडीएन यांनी त्याला कुठे कुठे मुरड घातली हे पाहणं हा प्रगत अभ्यासाचा मोठा भाग आहे.

आता कोंडीकडे येऊ. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेत लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचं विद्यापीठ यांच्यातला डेटा सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आला. दोन्ही ठिकाणांत अंतर ४०० यार्डांचं. तार तुटली नव्हती, यंत्रं बंद नव्हती. पॅकेट हरवलं की प्रत्येक संगणक ते पुन्हा पाठवत होता, त्याने रांग आणखी फुगत होती, आणखी पॅकेटं टाकली जात होती, ती पुन्हा पाठवली जात होती. व्हॅन जेकबसन यांनी या घटनेचा छडा लावून १९८८ साली जो निबंध लिहिला, त्यातल्या कल्पनांवर टीसीपी आजही उभा आहे: वेग हळूहळू वाढवायचा, नुकसान दिसताच झटक्यात कमी करायचा, आणि नवं पॅकेट शक्यतो जुनं पोचल्याची पावती आल्यावरच आत सोडायचं. प्रत्येक टोकाने आपापल्यापुरता शहाणपणा दाखवायचा आणि त्यातून सगळ्यांचं नेटवर्क सावरायचं, ही त्यातली विलक्षण गोष्ट. मधे कोणी पोलीस नाही.

बातमी उशिरा पोचते ही यातली अडचण कृष्णाकाठच्या माणसाला समजावून सांगायला फार शब्द लागत नाहीत. कोयनेतून सोडलेलं पाणी कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळतं आणि मग वाटेतली भर घेत सांगलीत आयर्विन पुलाशी येतं. पुलावर ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. पुलावरच्या पट्टीवर आज जे दिसतं ते काही तासांपूर्वी वर झालेल्या पावसाचं आणि विसर्गाचं फळ असतं. पट्टी पाहून दरवाजा हलवला तरी त्याचा परिणाम पुन्हा काही तासांनीच दिसणार. टीसीपीच्या पाठवणाऱ्या टोकाची स्थिती हीच असते. रांग भरल्याची बातमी त्याच्यापर्यंत येते तेव्हा ती शिळी झालेली असते, आणि शिळ्या बातमीवर जोरात प्रतिक्रिया दिली तर व्यवस्था हेलकावे खाते. नियंत्रणशास्त्रात याचं गणित आहे आणि एम.टेक.च्या विद्यार्थ्याने ते शिकलंच पाहिजे. पण साम्य इथपर्यंतच. राउटरला पॅकेट टाकून देता येतं आणि पाठवणाऱ्या टोकाला ते पुन्हा पाठवता येतं. धरणाला पाणी टाकून देता येत नाही. टाकून देण्याच्या या मुभेमुळेच इंटरनेट इतक्या स्वस्त, साध्या राउटरांवर उभं राहू शकलं.

ती मुभा न वापरल्याने काय होतं, हे घरच्या वायफायवर पाहता येतं. समजा वर पाठवण्याचा वेग सेकंदाला एक मेगाबिट आहे आणि राउटरात २५६ किलोबाइटचा बफर आहे. कोणी फोटो अपलोड करायला लावले की तो बफर भरतो, आणि भरलेला बफर रिकामा व्हायला दोन सेकंदांहून थोडा अधिक वेळ लागतो. म्हणजे शेजारच्या खोलीत चाललेल्या ऑनलाइन मुलाखतीचं प्रत्येक पॅकेट दोन सेकंद त्या रांगेत उभं. पॅकेट हरवू नये म्हणून उत्पादकांनी मेमरी वाढवत नेली आणि त्यातून हा आजार आला. जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास त्याचं निदान जगापुढे मांडलं, २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि जेकबसन यांनी कोडेल हा उपाय दिला; रांगेची लांबी न पाहता पॅकेट रांगेत किती वेळ थांबलं ते पाहायचं. हा प्रयोग करायला खर्च काहीच नाही. एका खिडकीत पिंग चालू ठेवायचं, दुसरीकडे अपलोड सुरू करायचं आणि आकडे चढताना पाहायचे.

दुसरा प्रयोग साताऱ्यातून सांगलीचा. रस्त्याने हे अंतर साधारण १३० किलोमीटर. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो, तेव्हा जाऊन-येऊन सव्वा-दीड मिलिसेकंद पुरे व्हावेत. पण साताऱ्यात एका कंपनीचं कनेक्शन आणि सांगलीत दुसऱ्या कंपनीचं असेल, तर ट्रेसराउट पुष्कळदा वेगळीच वाट दाखवतो. पॅकेट मुंबईला जातं, तिथं एका कंपनीच्या जाळ्यातून दुसरीच्या जाळ्यात शिरतं आणि परत खाली येतं. अंतर सहाशे किलोमीटरच्या वर, आणि निव्वळ प्रकाशाचा वेळच सहा मिलिसेकंदांपलीकडे. का, याचं उत्तर भौतिकशास्त्रात सापडत नाही. कंपन्यांनी एकमेकींशी कुठे जोडून घ्यायचं याच्या करारांत ते आहे, आणि ते करार बीजीपीच्या धोरणांत उतरलेले असतात. राउटिंगच्या पहिल्या पेपरात डायक्स्ट्राचा सर्वांत जवळचा मार्ग शिकवतात. खऱ्या इंटरनेटवर मार्ग ठरतो पैशांनी, विश्वासाने आणि करारांनी.

विश्वास म्हटला की २४ फेब्रुवारी २००८ ची हकीकत सांगावी लागते. पाकिस्तान टेलिकॉमला यूट्यूब देशापुरतं बंद करायचं होतं. त्यासाठी त्यांनी यूट्यूबच्या पत्त्यांपैकी एका लहान गटाचा मार्ग आपल्याकडे आहे असं आत जाहीर केलं, आणि ती जाहिरात बाहेर निसटली. सर्वांत नेमका प्रीफिक्स जिंकतो, हा तिसऱ्या वर्षाला शिकलेला नियम; जगभरच्या राउटरांनी तो प्रामाणिकपणे पाळला आणि सुमारे दोन तास यूट्यूबची वाहतूक भलतीकडे गेली. कोणत्याही यंत्रात बिघाड नव्हता. दिलेल्या माहितीची शहानिशा करायची सोय प्रोटोकॉलमध्ये नव्हती, एवढंच. मार्गाची जाहिरात करणाऱ्याचा हक्क तपासणारं आरपीकेआय कशासाठी आणि ते सगळीकडे बसवायला इतकी वर्षं का लागतात, हे या गोष्टीनंतर विद्यार्थी आपणहून विचारतात.

एका बाबतीत आपल्या भागाचा अनुभव पुस्तकांच्या पुढे आहे, आणि तिथं मी जरा थांबणार आहे. कृष्णा आणि भीमा खोऱ्यांत जलसंपदा विभागाने पाऊस, नदीपातळी आणि धरणसाठा यांची माहिती आपोआप, तिथल्या तिथे मिळवण्याची यंत्रणा बसवली. जागतिक बँकेच्या मदतीने चाललेल्या जलविज्ञान प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यातलं हे काम. दूरवरच्या केंद्रांवरून आकडे येतात आणि त्यांवर पुराचा अंदाज बांधला जातो. नेटवर्क म्हणून याची मागणी किरकोळ आहे. एका वेळचे आकडे एका एसएमएसमध्येही बसतील. पण ही माहिती सर्वांत जास्त हवी असते ती महाबळेश्वर-नवजाला पाऊस कोसळत असताना. वीज जाण्याची, टॉवरची बॅटरी संपण्याची, उपग्रहाचा सिग्नल पावसाने क्षीण होण्याची वेळही तीच. गरज आणि बिघाड हातात हात घालून येतात.

पाठ्यपुस्तकातलं गणित सहसा याच्या उलट गृहीत धरून चालतं. एक मार्ग शंभरातला एक भाग वेळ बंद असतो, दुसराही तसाच. म्हणून दोन्ही एकदम बंद असण्याची शक्यता दहा हजारांत एक. हे खरं केव्हा? दोन्हींचे बिघाड एकमेकांपासून स्वतंत्र असतील तेव्हा. पुणे-बंगळूर महामार्गाच्या कडेने दोन कंपन्यांच्या केबल एकाच चरातून गेल्या असतील, तर रुंदीकरणाच्या कामावरचा एक जेसीबी दोन्ही एका फटक्यात तोडतो. देशाच्या पातळीवरही असंच घडलं आहे. ३० जानेवारी २००८ रोजी अलेक्झांड्रियाजवळ भूमध्य समुद्रातल्या दोन केबल तुटल्या आणि भारताची पश्चिमेकडे जाणारी मोठी क्षमता एकदम गेली. कागदावर त्या दोन होत्या, समुद्रात शेजारी-शेजारी. सातारा-सांगलीतल्या विद्यार्थ्याने प्रबंधासाठी विषय शोधताना इथं लक्ष द्यावं असं मला मनापासून वाटतं. पुरात कोणत्या गावाचा संपर्क कोणत्या क्रमाने तुटतो, कोणते दोन मार्ग प्रत्यक्षात एकाच सबस्टेशनवर अवलंबून आहेत, संपर्क तुटलेला असताना माहिती साठवून ठेवून नंतर पुढे कशी सरकवायची. केव्हिन फॉल यांनी २००३ मध्ये उशीर सहन करणाऱ्या नेटवर्कची रचना मांडली. पलूस, मिरज, वाळवा, कराड या तालुक्यांतली नदीकाठची गावं तिच्यासाठी कोणत्याही सिम्युलेटरपेक्षा खरी आहेत.

डेटा सेंटरची नेटवर्क, २००८ च्या ओपनफ्लोपासून सुरू झालेलं सॉफ्टवेअर-डिफाइंड नेटवर्किंग, पी-फोरने राउटरलाच प्रोग्राम करणं, २०२१ मध्ये प्रमाणित झालेला क्विक, हे सगळं अभ्यासक्रमात येतं आणि यायलाच हवं. नोकरीच्या बाजारात त्यांनाच मागणी आहे. त्यांच्याविषयी इथं अधिक लिहीत नाही, कारण त्यांचं चांगलं साहित्य सहज मिळतं आणि मिनिनेट हा नेटवर्कची नक्कल करणारा प्रोग्राम एका लॅपटॉपवर चालतो.

महाराष्ट्रात या विषयाची परंपरा आहे हे मात्र सांगायला हवं. श्रीनिवासन रमणी यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या एनसीएसटी या सॉफ्टवेअर संशोधन संस्थेने अर्नेट या शिक्षण-संशोधन नेटवर्कच्या उभारणीत मोठा वाटा उचलला. १९८९ मध्ये तिथून अमेरिकेशी जोडणी झाली तिचा वेग सेकंदाला ९,६०० बिट होता आणि देशातल्या शिक्षणसंस्थांची ईमेल त्यावरून जात असे. मुंबई आयआयटीचे डी. मंजुनाथ यांनी अनुराग कुमार आणि जॉय कुरी यांच्यासोबत लिहिलेलं ‘कम्युनिकेशन नेटवर्किंग’ हे २००४ चं पुस्तक गणिताच्या बाजूने विषय शिकायचा असेल तर आजही उत्तम. अभय करंदीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पालघर जिल्ह्यात खामलोली परिसरात टीव्हीच्या न वापरलेल्या लहरींवर गावं जोडण्याचा प्रयोग केला, आणि ‘ग्राममार्ग’ नावाने तो पुढे वाढवला. डोंगराळ साताऱ्यात असं काही करायचं तर आधी गणित मांडावं लागेल: ५.८ गिगाहर्ट्झवर २० किलोमीटरची लिंक टाकताना मधोमध सुमारे १६ मीटर त्रिज्येची जागा मोकळी लागते. समोरचा टॉवर दुर्बिणीतून दिसतो म्हणजे लिंक लागेलच असं नाही.

पूर्वतयारी म्हणून संभाव्यताशास्त्र पक्कं हवं. रांगेचं साधं सूत्र सांगतं की लिंक निम्मी भरलेली असताना पॅकेटला रिकाम्या लिंकच्या दुप्पट वेळ लागतो, ९० टक्के भरली की दहापट, ९५ टक्क्यांना वीसपट. आणि त्यानंतर लगेच वाचावा लागेल तो १९९४ चा लेलँड, टाकू, विलिंगर आणि विल्सन यांचा निबंध. त्यांनी खऱ्या इथरनेटवरची वाहतूक मोजून दाखवलं की ती त्या सूत्राला हवी तशी गुळगुळीत नसतेच, कोणत्याही कालमापावर पाहा, ती झुबक्या-झुबक्यांनीच येते. सूत्र आधी शिकायचं, मग ते कुठे फसतं ते शिकायचं. हा क्रम उलटा करू नये.

निबंध इंग्रजीतच वाचावे लागतील. पण वर्गातली चर्चा मराठीतून होऊ द्यावी. ज्या मुलाला जेकबसनचा युक्तिवाद मित्राला मराठीतून पटवून देता येतो, त्याला तो कळला असं मी धरतो. आठवड्याला एक निबंध पुरे. आणि पहिल्या आठवड्यापासून एक मोजणी सुरू करावी. दोन गावं, दोन वेगळ्या कंपन्यांची कनेक्शनं, दर दहा मिनिटांनी पिंग आणि दिवसातून काही वेळा ट्रेसराउट. आकडे आपोआप फाइलमध्ये पडतील इतका छोटा प्रोग्राम कोणालाही लिहिता येतो. सोबत त्या दिवशीचा पाऊस आणि वीज गेल्याच्या वेळा हाताने लिहाव्यात. जुलैत सुरू होणाऱ्या सेमिस्टरला हे काम लावलं तर गणपतीपर्यंत प्रत्येक गटाकडे स्वतःचा डेटा जमलेला असेल, आणि रांगेच्या सिद्धांताचा धडा त्याच डेटावर शिकवता येईल.